दोन मेंढ्यांची फिर्याद

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. तेव्हा मी कळमनुरी तालुक्यात गुन्हे शोध पथकात होतो. एक-दोन चोऱ्या उघडकीस आणल्यामुळे लोक मला ‘डिटेक्टिव्ह साहेब’ म्हणत आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो.

डोंगरकड्याजवळच्या वस्तीवर एकटी राहणाऱ्या एका म्हातारीने दोन मेंढ्या चोरीला गेल्याची फिर्याद दिली. मी तीन दिवस तिच्याकडे जात होतो. सकाळी काय केलं, कुठे बसली होती, कोण आलं होतं, सगळं खोदून विचारलं. ती चहा ठेवून सविस्तर सांगायची. चौथ्या दिवशी खबऱ्याने निरोप दिला की मेंढ्या वारंगा फाट्याजवळ तिच्याच पुतण्याच्या कळपात आहेत.

पुतण्याला ठाण्यात आणलं. दुपारपर्यंत मी त्याच्यावर ओरडत होतो. तो एकच म्हणे, “म्या चोरी केली न्हाई साहेब.” बाकी तोंड बंद. शेवटी माझा हवालदार, जो स्वतः मेंढपाळाच्या घरचा, हळूच म्हणाला, “साहेब, मेंढ्यांचे कान बघितले का?”

प्रत्येक घर आपल्या मेंढीच्या कानाला ठरावीक खाच पाडतं. चोर आधी ती खूण मोडतो. मी जाऊन पाहिलं, म्हातारीची खूण जशीच्या तशी होती. हे विचारताच पुतण्याने मान खाली घातली. “चुलतीनंच आणून बांधल्या. म्या बोललो असतो तर तुमी तिला आत टाकलं असतं.”

म्हातारीने नाकारलं नाही.

“काहून केलं आजी?”

“पल्याडच्या घरची बकरी गेली तवा तुमी त्यायला दीसभर ईचारत बसले व्हते. माझी पोरं पुन्याला. फोनवर ‘बरी हायेस ना’ म्हनतेत अन् ठेवतेत. काय खाल्लं, कोन आलतं, असं मला कोनी ईचारलं न्हाई साहेब.”

खोट्या फिर्यादीबद्दल तिच्यावर कारवाई होऊ शकत होती. मी ‘मेंढ्या भरकटल्या होत्या, मिळून आल्या’ असं लिहून प्रकरण मिटवलं. पुतण्याची माफी मात्र मागितली नाही. म्हातारीला “येत जाईन” म्हणालो होतो. पुढे बदली झाली. गुन्हा नसताना कशाला जायचं, असं वाटलं आणि गेलो नाही.

डिटेक्टिव्ह म्हणजे ‘बरं आहे’ एवढ्यावर उठून न जाणारा माणूस, हे तिच्यामुळे कळलं. पण ते पटायला मला निवृत्त व्हावं लागलं. बायको गेल्यापासून हिंगोलीच्या घरात मी एकटाच असतो.

परवा मुलाचा फोन आला. “पप्पा, बरे आहात ना?”

“हो.”

“बरं, ठेवतो मग.”

“अरे थांब,” माझ्या तोंडून निघून गेलं, “माझं घड्याळ चोरीला गेलंय.”

तो थांबला. “कधी? घरी कोण आलं होतं? सकाळपासून सांगा बरं, काय काय केलंत?”

मी खुर्ची ओढून बसलो आणि सकाळच्या चहापासून सांगायला लागलो. घड्याळ माझ्या मनगटावरच होतं.