तुमच्या हातांना सवय असते

माझ्या हातातली बॅट काढून घेताना बाई हसत होत्या.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत बेसबॉलच्या नव्या बॅटी आल्या होत्या. मी सातवीत. सरांनी शिकवलं होतं, बॅट एका हातात धरून हात सरळ पुढं करायचा. टोक झुकलं की ती आपली नाही. दुसरी घ्यायची. मी घेतलेली झुकली नाही. निळी, हलकी. माझी.

बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची बायको. म्हणाल्या, "ही राहू दे गं. तुला ती जुनी लाकडाची चालेल. तुमच्या हातांना सवय असते जड उचलायची."

माझी आई बांधकामावर पाट्या उचलते. पोरी हसल्या. सरांनी मान फिरवली.

ती जुनी बॅट मोठ्या माणसांची. मुठीवर काळी चिकटपट्टी. चेंडू लागला की मनगटापासून दातांपर्यंत झिणझिण्या. आवाज तडकलेल्या मडक्यासारखा. रोज जरा जास्तच बद्द.

"सर, आत चीर हाय," मी म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "म्हाईत हाय. गप खेळ की. बाई संघातनं काढतील."

निवडीच्या सामन्याला बाई खुर्ची टाकून बसल्या. माझी पाळी आली. मी बॅट जमिनीवर ठेवली. रिकाम्या हातांनी उभी राहिले.

"बॅट उचल!" सर ओरडले.

"ह्या बॅटीनं मी खेळणार न्हाय."

एक चेंडू गेला. दुसरा. तिसरा. मी हलले नाही. बाद. मान ताठ होती. वाटलं, सुटले.

"मंगल, तू ये," बाई म्हणाल्या. मंगल आमच्याच वस्तीतली, माझ्याहून लहान. "तू शहाणी आहेस. उचल ती."

"मंगल, नगं! फुटंल ती!"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. मग बाईंकडं. बॅट उचलली. बाकीच्या पोरीसुद्धा मागं सरकल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

चेंडू आला. कडकन आवाज. अर्धी बॅट गरगरत लांब जाऊन पडली. मुठीचं लाकूड मंगलच्या तळहातात घुसलं.

बाई उठल्या. म्हणाल्या, "कुणी मोडली बॅट?"

रक्त गळत असताना मंगल म्हणत होती, "चुकलं, बाई. चुकलं."

तिचं ते 'चुकलं' ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"तिचं काय बी चुकलं न्हाय," मी म्हणाले. "सरांना ठावं होतं. इचारा त्यांना."

सरांनी खाली बघितलं. आम्हा दोघींना संघातून काढलं. मंगलची दोन बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

मी एकटीनं नाही म्हटलं, आणि ते तिच्या हातावर फुटलं. हे मी विसरत नाही. आता मी वस्तीतल्या पोरींना खेळ शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, एकीनं टाकलेलं दुसरीनं उचलायचं न्हाय. जबरदस्ती करायला कुणी आला, तर सगळ्यांनी मिळून त्याच्यापुढं उभं राहायचं. तो मागं सरेपर्यंत.