सासूबाईंनी निवडलेली दुर्बीण

कशेळ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट, ऐंशी सालानंतरची. ग्रहांचा धडा आला की मी फळ्यावर कड्यासकट शनी काढायचे, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, तुमी बघितलाय का?" मी घाईघाईने विषय गुरूकडे नेत असे. तोही मी बघितलेला नव्हता, पण त्याला कडं दिसत नसल्यामुळे मुलं कमी विचारायची.

माझ्या नवऱ्याची नोकरी खालापूरकडे एका कारखान्यात. एके दिवशी ते बातमी घेऊन आले. कुंभिवलीला हायवेपासून जरा आत, पूर्वी बोटीवर इंजिनियर असलेले एक म्हातारे गृहस्थ राहत. ते मुलीकडे परदेशी निघाले होते आणि घरातलं सामान काढत होते. त्यात दोन दुर्बिणी होत्या.

"फक्त बघून येऊ," मी म्हटलं.

सासूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. "बघाया जाताय म्हंजे घेऊनच येनार. मी बी येते. वस्तू पारखून घ्यावी लागते." सासूबाईंनी माठसुद्धा कधी बोटाने वाजवल्याशिवाय घेतला नव्हता. नाही म्हणायची आमची दोघांची छाती झाली नाही.

माघातली दुपार होती. इंजिनियरसाहेबांनी दोन्ही दुर्बिणी व्हरांड्यात मांडल्या होत्या. एक बोटीवरची, पितळेची, हातभर लांबीची, खेचून लांब करायची. दुसरी पांढरी, माणसाच्या उंचीला पुरेल अशी लांब नळी, तीन पायांच्या लाकडी घोडीवर बसवलेली. सासूबाईंनी आधी पितळेची बोटाने वाजवली, मग पांढरी वाजवली आणि निकाल दिला, "ही पितळेची घ्या. मोडली तर मोडीत तरी जाईल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. दोन्हींत भिंगंच आहेत. पण आखूड नळीत भिंगाला उजेड एकदम वाकवावा लागतो, मग पांढऱ्या वस्तूच्या कडेला जांभळट रंग सुटतो. लांब नळीत तो सावकाश वाकतो, म्हणून चित्र स्वच्छ येतं. शिवाय फोटो काढायचा तर मागे कॅमेरा बांधायला लांब नळीच बरी. मी मान डोलावत होते. माझं मन केव्हाच पांढऱ्या नळीवर बसलं होतं.

सासूबाईंनी पितळेची डोळ्याला लावली होती. समोरच्या देवळाचा पांढरा कळस बघून त्या म्हणाल्या, "ह्याला जांभळा काठ हाय. चांगला दिसतोय की! कशाला नको?"

मग त्यांना पांढऱ्या नळीतून हायवे दाखवला. त्या वाकल्या आणि तशाच ताठ झाल्या.

"ही बिघडलीया. ट्रक चाकं वर करून चाललाय."

"आई, आकाशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं," मी म्हटलं.

"आकाशात वरखाली काही नसतं," साहेबांनी पुस्ती जोडली. "चंद्र गोल असतो. उलटा काय, सुलटा काय."

"गोल असंल. पन त्यातला ससा? तो टांगलेलाच दिसनार ना?"

बोटीवर जन्म काढलेल्या साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नवऱ्याने तेवढ्यात पितळेची उचलली. त्यांचाही कल तिच्याकडेच होता. तीत सगळं सरळ दिसे आणि ती खांद्याला लटकवता येई. "हीच घेऊ," ते म्हणाले. "शेतात गुरं शिरली तर घरबसल्या कळेल." दोन विरुद्ध एक असा मामला झाला.

सासूबाईंनी पितळेची पुन्हा घेतली आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीवर रोखली. तिथे एका अंगणात एक बाई पापड वाळत घालत होती.

"अगं बाई," सासूबाई खुदकन हसल्या. "लाटी खाल्ली तिनं! इकडं तिकडं बघून तोंडात टाकली. सून आत असंल." थोड्या वेळाने, "दुसरी खाल्ली."

आम्ही सगळेच हसलो. सासूबाई मात्र हसता हसता थांबल्या. दुर्बीण खाली घेतली, पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. आमच्या घरीही पापड होत. लाट्या मोजून ठेवल्या तरी दरवर्षी कमी भरत, आणि दोष मांजरावर जाई.

"ही नको," त्या म्हणाल्या.

"का?" नवऱ्याने विचारलं.

"आज आपन दुसऱ्याकडं बघनार, उद्या गावातला कोन ही मागून नेऊन आपल्याकडं बघंल. असली वस्तू घरात नको. ही उलटी बरी. हिच्यातनं कोनाच्या घरात बघायचं म्हटलं तर बघनाऱ्याची मानच मोडंल."

अशा रीतीने माझी दुर्बीण निवडली गेली.

कारखान्याचा टेंपो कर्जतला येणार होता, त्यातून गोधडीत गुंडाळून ती आणली. पुढे कशेळ्याच्या यष्टीत आडवी मावेना, तेव्हा सासूबाईंनी ती आपल्या शेजारी उभी धरली. कंडक्टर म्हणाला, "आजी, बोअरिंगचा पाइप आत नाय चालनार." "पाइप नाय रं, चंद्र बघायची नळी हाय," सासूबाई म्हणाल्या. कंडक्टर सासूबाईंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. सासूबाईंना बरं नसावं असं समजून त्याने जागा करून दिली.

त्या उन्हाळ्यात मी शनी बघितला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण कड्यासकट. अंगणात एकटीच उभी राहून मी टाळी वाजवली होती.

मग फोटोचं वेड लागलं. नवऱ्याच्या मित्राचा डब्यासारखा कॅमेरा होता. सुताराकडून एक फळी करून घेतली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅमेरा नळीच्या मागे बांधला. नणंदेचं केळवण झालं होतं, त्या रोलमध्ये चार फोटो उरले होते. अष्टमीच्या आसपासचा चंद्र दिवेलागणीला वर असे. मी नळी रोखायची, तोवर तो सरकून बाहेर गेलेला असायचा. "सरकला!" मी ओरडायचे. "मग तूही सरक," नवरा म्हणायचा. चार फोटोंना चार संध्याकाळी लागल्या.

रोल कर्जतच्या स्टुडिओत दिला. आठवड्याने गेले तेव्हा स्टुडिओवाल्यांनी पाकीट मोठ्या अभिमानाने पुढे केलं. नणंदेचे फोटो सुंदर होते. खाली चंद्र. अर्धा, पांढराशुभ्र आणि बशीसारखा गुळगुळीत.

"खड्डे कुठे गेले?" मी विचारलं.

"काढले ना, ताई! निगेटिव्हवर पेन्सिलीने एकेक भरला. नवरीच्या पुटकुळ्या काढत होतो, म्हटलं याचंही तोंड साफ करू. देवीचे वण असलेलं स्थळसुद्धा मी जुळवून दिलंय, हा तर चंद्र!"

मला रडू येईल असं वाटलं. "अहो, त्या खड्ड्यांसाठीच फोटो काढला होता."

ते दुखावले. "आजवर कुणी मला म्हणालं नाही, की डाग परत द्या."

पण माणूस सरळ होता. त्यांनी निगेटिव्ह शोधून काढली, कापसाच्या बोळ्याने पेन्सिल पुसली आणि दुसरी प्रत छापून दिली. जरा धूसर होती, पण उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांची रांग उमटली होती. ते ती भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "हे खरंच असं आहे?" त्यांनी विचारलं.

"येऊन बघा," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात ते खरंच आले, स्टुडिओचा कॅमेरा खांद्याला अडकवून. नळीला डोळा लावला आणि सवयीने म्हणाले, "हलू नका." चंद्र हलला. "जरा स्थिर बसायला सांगा हो त्यांना!" मग स्वतःच हसले, आणि त्यानंतर चहा निवेपर्यंत डोळा काढला नाही.

निघताना त्यांनी सासूबाईंना नळीशेजारी खुर्चीवर बसवून एक फोटो काढला. "हिची निवड माझी," असं सासूबाईंनी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

तो फोटो आला तेव्हा मी बघतच राहिले. सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, गालाच्या सुरकुत्या गेल्या होत्या. चाळिशीची बाई दिसत होती.

"आई, यांनी पुन्हा तेच केलं. पुसून आणू का?"

सासूबाईंनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला, दिव्याजवळ धरला आणि इकडून तिकडून निरखला.

"कशाला त्या बिचाऱ्याला तरास?" त्या म्हणाल्या आणि खिळा आणायला उठल्या.