स्वतःचं धोतर धुणारा दीर

...सडा टाकून झाला होता, मेथीच्या जुड्या बांधून टोपलीत भरल्या होत्या. सासूबाई बैलांना कुटार टाकत होत्या. मी धुण्याची बादली घेऊन गोठ्यामागच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले, तर धाकटा दीर माझ्या आधीच तिथं उकिडवा बसून आपलं धोतर धूत होता.

साधीच सकाळ होती. पण मी बादली हातात घेऊन उभीच राहिले...

आमचं गाव बडनेऱ्याजवळ. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. घरात तिघंच, सासूबाई, दीर रामदास आणि मी. आमच्या ह्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. आज मी नव्वदी ओलांडली आहे, तेव्हा अठराची होते.

त्या काळी आमच्याकडे घरात बाई असताना पुरुष धुण्याला हात लावत नसे. शेजारची गंगाकाकू पाणी भरायला आली आणि हसत सुटली. "काहून रे रामदास, आतापासूनच शिकून राह्यला काय? लगन झाल्यावर बायकोचं लुगडंबी धुशीन!"

सासूबाई गोठ्यातूनच म्हणाल्या, "हसू नको वं गंगे. त्याले वयनीची दया येते. भावावर गेला माहा पोरगा."

भावावर गेला... ह्यांनीही असंच सुरू केलं होतं.

शेवटच्या वर्षी हे स्वतःचं धोतर स्वतःच धुवायचे. मला वाटायचं, मला जपतात. मग लघवीला गेले की भिंत धरून उभे राहायला लागले. दवाखान्यात चला म्हटलं की चिडायचे, आणि बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याच्या भस्माच्या पुड्या खायचे. अंगावर सूज चढली... आणि गेले. गावात सांगितलं, कावीळ झाली होती.

दुखणं काय होतं ते मला नंतर कळलं. शाळा मी पाहिली नव्हती, वाण्याकडच्या पुड्यांचे कागद उलगडून उलगडून वाचायला शिकले होते. एका कागदावर कुण्या डॉक्टरनं लिहिलं होतं, या गुप्तरोगात कपड्यावर डाग पडतात, माणसं लाजेनं ते लपवतात, आणि वेळेवर आलं तर हा बरा होतो. बरा होतो... एवढं वाचून मी चुलीपुढं बसून राहिले. भाजी करपली तेव्हा उठले.

त्याच कागदावर हेही होतं की हा आजार नवऱ्याकडून बायकोला होतो. माझं ओटीपोट हे जिवंत असतानापासूनच दुखत होतं. पण विधवेनं असलं दुखणं तोंडातून काढलं, तर लोक आधी विचारणार, कोणाकडून आणलं? म्हणून मी गप्प होते.

आणि रामदासचं लग्न ठरलं होतं. मुलगी चांदूर रेल्वेची, माझीच मामेबहीण. जत्रेला जाताना तिची वेणी मी घालून द्यायची.

काकू गेली, सासूबाई आत वळल्या. मी बादली खाली ठेवली.

"द्या ते धोतर इकडं."

"राहू द्या वयनी. मी धुतो."

"तुमचे भाऊबी असंच म्हनत."

त्याचे हात थांबले. मान वर न करता म्हणाला, "मले मराचं नाही, वयनी."

कुठं गेला होता, कोणाकडे, मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "मंग दवाखान्यात चाला."

"लोक काय म्हनतीन? लाज वाटते मले."

"मलेबी वाटते," मी म्हणाले. त्याला वाटलं, मला त्याची लाज वाटते. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं, आणि तिथंच राहिलं...

हे आज लिहायचं कारण म्हणजे रामदासची नात. ती अकोल्याला मानसशास्त्रात संशोधन करते. अशी दुखणी झाली तर तरुण मुलं-मुली डॉक्टरकडं का जात नाहीत, हे त्यांना विचारत फिरते.

परवा आली होती. म्हणाली, "मोठी आजी, अजून तेच आहे गं. मुलं मोबाईलवर औषध शोधतात, मित्रानं दिलेली गोळी खातात. आणि मुली फक्त पोट दुखतं म्हणतात... पुढचं बोलतच नाहीत."

तिच्या आजोबांची गोष्ट तिला ठाऊक आहे. रामदासनं म्हातारपणी, जायच्या आधी, स्वतः पोरांना बसवून सांगितली, आणि मला म्हणाला, "वयनी, आता लपवू नका. सांगत जा." लग्न तेव्हा त्यानं मोडलं नाही, पूर्ण बरा होईपर्यंत पुढं ढकललं. या पोरीची आजी म्हणजे तीच माझी मामेबहीण. शेवटपर्यंत धडधाकट होती.

पण मुली पुढचं बोलत नाहीत, हे ऐकल्यावर मला विहीर आठवली. रामदासची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती... माझी नव्हती. ती नातीला परवा सांगितली. ती म्हणाली, "लिही आजी." म्हणून लिहिलं.

धोतर वाळत घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आज मेथी इकायले मी जातो," आणि टोपल्यांच्या मधे बैलबंडीत बसले. रामदासनं बैल हाकले. अमरावतीला भाजी उतरवली आणि मोठ्या दवाखान्यात गेलो. दारातल्या माणसानं विचारलं, कोणाला दाखवायचं आहे? रामदासची मान खालीच होती.

मी त्याचं नाव सांगितलं. मग माझंही सांगितलं.