मुकादमिणीची पेटी

"हे एवढं सरू दे जी, मंग बोलू."

दारात कुणीही आलं तरी आमची शेजारीण आधी हेच म्हणायची, डोळे वर न उचलता. डावा हात पेटीच्या भात्यावर, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि पदर कमरेला असा घट्ट खोचलेला, की वाटावं बाई धान कांडायला बसली आहे. आलेल्याने उभं राहायचं. गाणं सरलं की ती झाकण लावायची, त्यावर लुगड्यांचं गाठोडं ठेवायची आणि मग आत्ताच आपल्याला पाहिल्यासारखी हसायची.

लढाईचे दिवस होते ते. आम्ही गोंदियाला रुळांपलीकडच्या एका चाळीत राहत होतो. हे स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढायचे आणि पाळी बहुतेक रात्रीची असायची. पलटणीच्या गाड्या, मालाच्या गाड्या, एकीमागून एक. सकाळी हे डोळे लाल करून घरी येत, दोन घास भात खात आणि आडवे होत. मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून भांडी घासत असे, की त्यांचा आवाज होऊ नये.

आणि दुपारचं जेवून शेजारचा मुकादम राइस मिलमध्ये परत गेला, की भिंतीपलीकडे पेटी सुरू होई. भिंत कसली, कुडावर चुन्याचा हात फिरवलेला. पेटी आमच्या उशाशीच वाजते आहे असं वाटे. हे कूस बदलत, उशी डोक्यावर घेत, उठून पाणी पीत, पुन्हा पडत. मी आतबाहेर करत राही.

शेजारीण वाईट असती तर भांडण तरी करता आलं असतं. पण मला ताप आला तेव्हा आमची चूल तिनेच पेटती ठेवली होती. अशा माणसाला गप्प कसं करायचं, तुम्हीच सांगा. मी लोणच्याची वाटी घेऊन जाई. मनात वाक्य तयार असे. गाणं सरेपर्यंत उभी राही आणि मग म्हणे, "मावशी, हे आत्ताच निजलेत."

"हो जी हो, झालंच माहं," असं म्हणून ती माझ्या वाटीत लाखोरीच्या डाळीचे वडे घाले. मी वडे घेऊन घरी येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी.

एकदा सकाळी हे घरी आले ते जेवायलाच बसेनात. पहाटे खटक्यापाशी उभ्या उभ्या डुलकी लागली होती आणि एक मालगाडी सिग्नलबाहेर शिट्ट्या मारत खोळंबली होती. "खोळंबली म्हणून बरं," हे म्हणाले. "खटका चुकीचा ओढला असता तर? आज मुकादमाशी बोलतोच मी."

ते होऊन चालणार नव्हतं. कारण साऱ्या चाळीला ठाऊक असलेली गोष्ट एका मुकादमालाच ठाऊक नव्हती. बायको पेटी वाजवते हे त्याला माहीत नव्हतं. पेटी तिच्या माहेरची आहे आणि तिच्यावर लुगडी ठेवतात, एवढंच तो जाणून होता. त्याचा दरारा एवढा मोठा, की मिलमधले हमाल त्याला पाहताच विडी विझवत.

"तुम्ही नका बोलू," मी म्हटलं. "मी बोलते. आज वाटी न घेता जाते."

त्या दुपारी मी गाणं सरायची वाट पाहिली नाही. "मावशी, ह्यांच्या हातात गाड्या आहेत हो. झोप झाली नाही तर माणसं मरतील."

पेटी एकदम थांबली. तिने भाता दाबून उरलेला वारा काढला.

"मले माहीत हाय बाई, त्याईची झोप होत नाई. कूस बदलते तं मले आयकू येते. मी मंग हळू वाजवतो." बाई असून ती 'वाजवतो' म्हणे, तिकडे देवरीच्या बाजूला बायका तशाच बोलतात.

"मग वाजवता काऊन?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"बाप दंडारीत पेटी वाजवे, गावातल्या नाचगान्याच्या नाटकात. भावानं नाही शिकली, मी शिकली. लगनानंतर हात नाही लावला. बाप मेल्याचा सांगावा आला, त्या दिवशी झाकन उघडलं तं अर्धी गानी बोटाईतून गेली होती." तिने बोटं माझ्यापुढे धरली. जाड, भेगाळलेली, कांडणाची बोटं. "उरली तेवढी तरी राहू दे म्हणून वाजवतो. थांबली का तीही जातीन."

मिलचा धडधडाट ऐकू येत होता. मग मला तळ्याकाठचं देऊळ आठवलं. चाळीपासून लांब, दुपारी रिकामं. तिथे बायकांचं भजन सुरू करायचं. भजनाला पेटी लागतेच, आणि देवाच्या कामाला कोण काय म्हणणार?

"मले भजनं येत नाई जी," ती म्हणाली. "मले दंडारीतलीच येतेत."

"शब्द आम्ही देवाचे घालू."

आणि खरंच घातले. पेटी पोत्यात गुंडाळून आम्ही दोघी धरून नेत असू. राजाच्या दरबारातल्या नाचाच्या चालीवर विठ्ठल विठ्ठल म्हणताना बायका हसून लोळत, पुजारी कानावर हात ठेवी. इकडे हे गाढ झोपू लागले. चेहऱ्यावर तेज आलं. आता सगळं नीट झालं, असं मला वाटलं. तरी रोज पेटी उचलताना मी आधी मिलच्या वाटेकडे पाहून घेई.

एक दिवस मिलचा पट्टा तुटला आणि हमालांना सुट्टी झाली. मुकादम घरी आला, कुलूप पाहिलं, कुणीतरी देवळाकडे बोट दाखवलं. तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या मिशीवर भाताचा कोंडा होता. बायकांनी पदर ओढले, टाळ थांबले.

ती थांबली नाही. "हे एवढं सरू दे जी," म्हणाली आणि शेवटपर्यंत वाजवत गेली. मुकादम तसाच उभा. गाणं सरल्यावर तो आत आला, धानाचं पोतं उचलावं तशी पेटी खांद्यावर घेतली आणि चालू लागला. ती मागोमाग गेली.

भांडण ऐकू येईल म्हणून आम्ही कान लावून बसलो. काही ऐकू आलं नाही. पेटी मिलच्या गोदामात गेली, एवढं कळलं. नंतरचे दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलंय. तांदूळ निवडताना बोटं सुपावर चालायची. दारात यायची, आत जायची, चूल पुन्हा सारवायची, वाळलेले कपडे पुन्हा धुवायची. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे तिकडच्या गावजत्रांचे, दिवस आले, गावोगाव दंडारी उभ्या राहिल्या, आणि ती भावाकडे देवरीला गेली. "चार दिवसांनी येतो," म्हणाली. धान कापून झालं, मळणी झाली, तरी आली नाही. तिथे दंडारीत पडद्यामागे पेटी वाजवते, असं बाजाराला येणारे लोक सांगत.

एका दुपारी मुकादम आमच्या दारात आला. कधी न येणारा माणूस. पायरीखालीच उभा राहिला.

"बाई, देवळात त्या दिवशी शेवटलं कोनतं वाजवून राहिली होती?"

"तुम्ही होतात की तिथे."

"होतो. पन आयकलं नाई. रागात होतो."

मला लाज वाटली, पण गुणगुणून दाखवलं. मध्येच अडकले. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "चुकतेस तू. दुसऱ्या वेळेला चाल खाली उतरते." आणि ज्या माणसाच्या झोपेसाठी मी एवढी धडपडले, त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं गाणं शिट्टीवर वाजवलं, एकही सूर न चुकता. मुकादम मान खाली घालून ऐकत होता.

"चांगलं हाय जी," एवढंच म्हणाला आणि गेला.

मुकादमाने मिलची नोकरी सोडली. मेव्हण्याच्या धानाच्या शेतांत तो राबायला लागला आणि दोघं तिकडेच राहिली, असं पुढे कळलं. मी त्याला शेवटचं पाहिलं ते देवरीकडे जाणाऱ्या मोटारीत. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशावर चालत. मागे भट्टी फुरफुरत होती. तो पेटी मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही हातांनी कवटाळून. मोटार धक्का देऊन निघाली तसा जुन्या भात्यातला वारा सुटला आणि पेटी बारीकशी रडली. सगळी मोटार वळून पाहू लागली. मुकादमाने घाईघाईने झाकणावर तळहात ठेवला आणि निजलेल्या लेकराला थोपटावं तसा हळूहळू थोपटत राहिला.