दुखण्याचा आवाज

खेड्यात दवाखाना टाकला की औषधं संपतात, किस्से मात्र साठतच जातात. मी नाशिककडचा, बीटी कापूस नवा होता त्या दिवसांत जानेफळला आलो. इथला पेशंट दुखणं सांगत नाही, त्याचा आवाज काढून दाखवतो! त्या आवाजावरून कोणाला गोळी द्यायची अन् कोणाला तालुक्याला, मेहकरला पळवायचं, हे मी ठरवायचं. चुकलो तर? पहिलं वर्षभर मी धास्तावलेलाच असायचो.

*

कापूस वेचताना कमलकाकूंच्या बोटात बोंडाचं टोक घुसलं. बोट पिकलं. "कसं दुखतंय?" विचारलं तर त्यांनी दुसऱ्या हाताने टेबल वाजवलं, "ठण... ठण... ठण." मी नाडी धरली. ठोक्याला ठोका!

"काकू, तुमची नाडी मोजायला घड्याळच नको!"

"दोन दिसांपासून मीच मोजून राह्यली. आता तुम्ही मोजा!"

*

गजानन पाठीवर पेट्रोलवरचा फवारणी पंप घेऊन शेतात राबायचा. "डॉक्टर, पंप बंद केला तरी हात चालूच हायेत. झिणझिण, झिणझिण!"

"अरे, बीटी लावलीस ना? मग एवढी फवारणी कशाला?"

"फवारणी कमी लागते, असं पिशवीवर लिवलं होतं. पन किडीले कुठी वाचता येते!"

*

एक जोडपं आलं. नवऱ्याचं डोकं दुखत होतं. तो म्हणाला, "ठसठसते." बायको म्हणाली, "ठसठस नाई, भणभण."

"डोकं माहं हाये ना!"

"पन दिवसभर ऐकून तं मीच राह्यली!"

*

रहीमचाचा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची अन् बिघाड सांगायचा. एका दुपारी तेच छाती धरून, घामाघूम होऊन आले.

"डॉक्टरसाब, घर्रर्र करते, मंग गपकन थांबते, मंग पुन्हा धाडधाड!"

गावात आल्या दिवसापासून मला जेवू घालणारा हा माणूस! दवाखाना तसाच उघडा टाकून त्यांना जीपमध्ये घातलं. मेहकरपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. तासाभराने पुन्हा काढली. मग म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पित्त झालंय, अन् चहा फार होतोय." मी बाकावर बसलो अन् चक्क रडलो.

चाचांना मात्र पटेना. "कागदाचा काय भरोसा? आवाज ऐकल्याबिगर मी मोटार हातातून सोडत नाई."

माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांनी कानाला लावला. डोळे मिटून स्वतःची छाती ऐकली, मान हलवली. मग तीच चकती माझ्या छातीवर टेकवली. बराच वेळ ऐकलं.

"माही तं बरोबर चालू हाये. डॉक्टरसाब, आता आलोच आहो, तं तुमचीबी पट्टी काढून घ्या!"