चार वाजता लाईन मोकळी

मोडेम किरकिरायला लागला की विश्वनाथअप्पा हात वर करायचे आणि दुकानातली पोरं गप्प व्हायची. "आपण बोललो म्हणून काय लाईन तुटते का अप्पा?" मी एकदा विचारलं. "तुटत न्हाई. पन पाव्हणा दारात आल्यावर गलका करू ने," ते म्हणाले.

चौसाळ्यातलं पहिलं इंटरनेट त्यांचं. दोन कॉम्प्युटर आणि टेलिफोनची एकच तार. नेट चालू असलं की घरचा फोन एंगेज. दुसऱ्या लाईनसाठी अर्ज करून ठेवलेला, पण ती काही मिळत नव्हती. म्हणून रोज चार वाजता, गिऱ्हाईक कितीही असो, अप्पा नेट बंद करायचे. ती लेकीची वेळ. मंगल दिंद्रुडला दिलेली. सासरी फोन होता, पण तिनं त्याला हात लावायचा नाही. चारला ती दळण घेऊन गिरणीवर जायची आणि पीठ पडेस्तोवर शेजारच्या रुपयाच्या फोनवरून बापाशी बोलायची.

पुढं बीडला ब्रॉडबँड आलं. तिथं फोनही चालू, नेटही चालू, आणि वेग तर विचारूच नका. पोरं अप्पांना छळायची, "तुमचं नेट लई रडतंय अप्पा, गाशा गुंडाळा आता. त्यात ही चारची सुट्टी कावून?"

"बीडला जायला यष्टी लागती. माझं नेट यष्टीपरीस तर पळतंय ना बे?" आणि खरंच, त्या एका हिशेबावर दुकान तगून होतं.

मग आमच्या बारावीचा निकाल आला. रांग पार रस्त्यापर्यंत. माझा नंबर टाकला, पान हळूहळू उतरत माझ्या नावापर्यंत आलं, आणि चार वाजले. अप्पांनी नेट तोडलं.

"अप्पा, आज तरी!" सगळी खवळली. "चाललो आमी बीडला. बसला तुमचा धंदा!"

"बसू दे. पास असाल तर साडेचारला बी पासच असाल."

तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "गिरणीवरच बस, माय. कुटं जाऊ नको. मी निगालो." दुकानाची किल्ली माझ्या हातात कोंबून ते दिंद्रुडकडं निघालेल्या जीपच्या मागं धावले.

दिवेलागणीला मंगल माहेरी आली, ती कायमची. तिच्या गालावरचे वळ साऱ्या गल्लीनं पाहिले. बीडला गेलेली गिऱ्हाइकं मात्र फिरली नाहीत. अप्पांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली, मग त्याच टेबलांवर वह्या-पेनं मांडली. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या श्रावणात अप्पा गेले. मातीहून परतल्यावर ओट्यावर कुणीतरी हळहळलं, "लई गुणी माणूस. पन त्या चारच्या हट्टापायी धंदा घालवला बघा."

मंगल दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या दिवशी फोन एंगेज लागला असता, तर मी दुसऱ्यांदा लावला नसता, काका. गिरणीच्या मागंच विहीर व्हती."