बासष्टावी पेटी

माझी आत्या शाळेत भूगोलात दोनदा नापास झाली आणि पुढे बावीस वर्षं तिने जमिनीचं पोट सांभाळलं. खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात ती कामाला होती. जमिनीत खोल भोक पाडणारं मशीन खडकाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या बाहेर काढायचं. त्या लांबट पेट्यांत ओळीने लावायच्या, वरचा तुकडा आधी, खालचा शेवटी, आणि पेटीवर खोली लिहायची, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मी लहान असताना ती भांडी घासता घासता मला सांगायची, "धातू सगळीकडे थोडा थोडा असतोच गं. पण त्याला एका जागी गोळा करणारं कुणीतरी लागतं. कधी गरम पाणी त्याला विरघळवून भेगांतून वर आणतं आणि थंड होताना तिथेच टाकतं. किटलीत पांढरा थर धरतो ना, तसं. कधी नदी वळणावर जड कण टाकून पुढे पळते. कधी पाऊस बाकीचं सगळं धुऊन नेतो, मागे उरतं तेच खनिज. आणि कधी वितळलेला खडक खोलवर सावकाश थंड होतो, तेव्हा जड असेल ते तळाशी जाऊन बसतं." हा शेवटचा प्रकार तिचा लाडका. जड माणूस एकदा बसला की उठत नाही, असं ती माझ्या बाबांकडे बघून म्हणायची.

मी कॉलेजात होते त्या वर्षी एका भोकातून बासष्ट पेट्या भरल्या. शेवटच्या पेटीत सुरुवातीला भरगच्च चमकदार धातू होता, मग तो कमी कमी होत टोकाला नुसते तुरळक ठिपके उरले. तपासण्या होऊन दोन महिन्यांनी भूवैज्ञानिक साहेबांनी निकाल दिला: भेगेतलं खनिज, खाली संपलं. शनिवारी मशीन हलवायचं ठरलं.

बुधवारी आत्या झाकणं बसवत होती. एकसष्टाव्या पेटीपाशी ती थबकली. तिथे ठिपके खाली जाताना हळूहळू वाढत होते. मग पुढच्या पेटीत एकदम भरमार आणि लगेच उतार, असं कसं? तिने हातातलं झाकण बाजूला ठेवलं. कारण दोन महिन्यांपूर्वी ती बासष्टावी पेटी तिच्याच हातून पालथी झाली होती. फुटलेला कप जोडावा तसे तिने तुकड्याला तुकडे जुळवून पुन्हा लावले होते आणि कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. आजवर माझ्या हातून एक पेटी पडली नाही, हा तिचा तोरा होता ना!

तिने एकसष्टचा शेवटचा तुकडा बासष्टच्या पहिल्याला लावून पाहिला. बसेना. मग पेटीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा लावला. तो असा बसला की फट दिसेना. माळ बरोबर ओवली होती, फक्त उलट्या टोकाने ठेवली होती. म्हणजे धातू खाली संपत नव्हता, वाढत होता. हा तळाशी बसणारा प्रकार होता आणि मशीन तळाच्या जरा वर थांबलं होतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुझी. गप्प बस."

"मुठीत खडक आहे, दादा. किती दिवस झाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही पेट्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर आणून ठेवल्या. भूवैज्ञानिक हसले. "बाई, टोकं घासलेली असतात. काहीही कशालाही बसतं."

"मग बसवून दाखवा," आत्या म्हणाली.

अर्धा तास त्यांनी खटपट केली. बसलं नाही. मग आत्याने तिच्या पद्धतीने बसवून दाखवलं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "पेटी पडली होती, हे लेखी द्याल?"

"आणलंय," असं म्हणून तिने कागद पुढे केला. त्यात तीनच वाक्यं होती: पेटी माझ्या हातून पडली. मी ती उलटी भरली. मी ते लपवलं.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "आणखी तीस मीटर जाऊ. काही निघालं नाही तर तुम्हाला घरी बसावं लागेल."

"चालेल," ती म्हणाली. घरी येऊन मात्र ती रडली, हे मी पाहिलंय.

अकराव्या मीटरला कांडी इतकी जड निघाली की उचलताना मशीनवाल्याने शिवी हासडली. आत्याला शाबासकी मिळाली नाही, लेखी ताकीद मिळाली. मला त्याचा अजून राग येतो. तिला कधी आला नाही. तिने फक्त एक मागणी केली, बासष्टावी पेटी आहे तशीच उलटी ठेवायची.

तीन वर्षांनी, तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, मी त्याच गोदामात भूवैज्ञानिक म्हणून रुजू झाले. आत्याने चहासुद्धा विचारला नाही. दोन पेट्या समोर ठेवल्या आणि म्हणाली, "काय चुकलंय, सांग."

गोष्ट घरात शंभरदा ऐकलेली, तरी तुकड्याला तुकडा लावून सिद्ध करायला मला दोन तास लागले. मी ओशाळून वर पाहिलं.

"हुशार आहेस," आत्या म्हणाली. "मला दोन महिने लागले होते."